वाढायला वेळ लागतो

‘झोंबी’तला आनंदा उसाला पाणी पाजत उभा असतो. एक सरी भरली की दारं मोडायचं, पाणी पुढच्या सरीत घ्यायचं आणि ती भरेपर्यंत वाट बघायची. शाळा सुटलेल्या दिवसांत त्यानं हेच काम केलेलं असतं, आणि तेव्हा रानातलं एकटेपण त्याला खायला उठायचं. बोलायला, थट्टामस्करी करायला कोणीतरी जवळ हवं असं वाटायचं. पुढे तो पुन्हा शाळेत जाऊ लागतो. सौंदलगेकर मास्तर वर्गात कविता चालीवर गाऊन, हावभाव करून शिकवतात. त्यानंतर मात्र रानात आपण एकटेच असावं असं त्याला वाटू लागतं, कारण कोणी नसलं की मोठ्यानं कविता म्हणता येते, गाता गाता नाचता येतं, म्हशीच्या पाठीवर काठीनं ओळी ओढता येतात. रान तेच, ऊस तोच, कामाचा भारही तेवढाच. घरी वडील तसेच रागीट आणि हेकट आहेत. मुलाच्या आयुष्यात बाहेरून दिसेल असं फारसं काही घडलेलं नाही, पण एकटेपणाशी असलेलं त्याचं नातं उलटं झालं आहे.

कादंबरीतला किशोरवयीन मुलगा किंवा मुलगी ‘वाढते’ म्हणजे नेमकं काय होतं, या प्रश्नावर हे पुस्तक आहे. आनंदापासून सुरुवात करण्याचं कारण असं की, या प्रश्नाचं इतकं स्वच्छ उत्तर मला मराठीत दुसरीकडे क्वचित मिळालं. वाढ म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर मोठी घटना येते: मृत्यू, पहिलं प्रेम, नापास होणं, घर सुटणं. या घटना कादंबऱ्यांत असतातच. पण मृत्यू बघूनही न बदललेली पात्रं पुष्कळ आहेत, आणि उसाच्या सरीत उभ्या उभ्या बदललेला आनंदाही आहे. घटना ही वाढीची खूण नव्हे. तीच गोष्ट पुन्हा समोर आली असता मुलगा तिच्याकडे कसा बघतो, ही खूण आहे, आणि चांगला कादंबरीकार ती ‘तीच गोष्ट’ पुन्हा समोर आणण्याची व्यवस्था करून ठेवतो. आनंद यादवांनी पाण्याची पाळी दोनदा लिहिली नसती, तर मधल्या काळात काय झालं हे आपल्याला कळलंच नसतं.

शाळा-कॉलेजांत स्वभावचित्रणाचे प्रश्न सोडवताना आपल्याला एक साचा मिळालेला असतो. सुरुवातीला नायक भित्रा असतो, शेवटी धीट होतो. आधी हट्टी, मग समंजस. आधी स्वार्थी, मग कुटुंबाची जबाबदारी ओळखणारा. हा साचा माझ्या मते घातक आहे. त्यामुळे मुलांना असं वाटतं की वाढणं म्हणजे दुर्गुण टाकून सद्गुण घेणं, आणि पुस्तकातली मुलं आपल्यापेक्षा वेगळ्या जातकुळीची आहेत. ज्या कादंबऱ्यांबद्दल मी इथे लिहिलं आहे त्यांतली मुलं शेवटी अधिक चांगली होतातच असं नाही. काही अधिक एकाकी होतात, काही अधिक खोटं बोलू लागतात. पण पूर्वी त्यांना जमत नव्हतं असं काहीतरी त्यांना जमू लागतं. गप्प राहणं जमतं. आई हीसुद्धा एक बाई आहे, तिचे स्वतःचे बेत आणि भीती आहेत, हे दिसू लागतं. मित्र आपल्याला फसवतो आहे हे कळूनही त्याच्याबरोबर चालत राहणं जमतं. या क्षमतांना परीक्षेत गुण नाहीत, म्हणून त्यांच्याविषयी बोलायची भाषाही आपण मुलांना दिलेली नाही.

कादंबऱ्या पुन्हा पुन्हा वाचताना मला आणखी एक गोष्ट दिसू लागली, आणि हळूहळू तीच या पुस्तकाचा मुख्य धागा झाली. वाढायला वेळ लागतो. घड्याळातला वेळ, मोकळा वेळ, चुकण्यासाठी आणि काहीच न करण्यासाठी लागणारा वेळ. तो सगळ्यांना सारखा मिळत नाही. कोणाच्या घरी तो पिढ्यान्‌पिढ्या मुबलक असतो, कोणाला तो चोरून घ्यावा लागतो, आणि कोणाच्या वाट्याला तो येतच नाही. किशोरवयावरची कादंबरी म्हणजे मला या वेळेच्या वाटपाची कादंबरी वाटते.

या साहित्यप्रकाराचा युरोपातला इतिहासही हेच सांगतो. गोएथेची ‘विल्हेल्म माइस्टर’ 1795-96 मध्ये प्रसिद्ध झाली आणि ती या प्रकारची आद्य कादंबरी मानली जाते. तिचा नायक व्यापाऱ्याचा मुलगा आहे. धंद्याच्या कामासाठी घराबाहेर पाठवलेला हा तरुण नाटकमंडळींत रमतो, प्रेमात पडतो, चुकतो, भटकतो. त्याच्या भटकण्याचा खर्च कुठून तरी भागत असतो आणि त्याच्या चुका त्याला कायमचं बुडवत नाहीत. किशोरवय हा स्वतंत्र, अभ्यास करण्याजोगा कालखंड आहे असं मानसशास्त्रानं ठामपणे मांडलं ते त्यानंतर शंभरेक वर्षांनी, अमेरिकेत जी. स्टॅन्ली हॉल यांचा या विषयावरचा दोन खंडांचा ग्रंथ 1904 मध्ये आला. तोवर युरोप-अमेरिकेतल्या मध्यमवर्गाची मुलं कामाऐवजी शाळेत बसू लागली होती. आधी वेळ मिळाला, मग त्या वेळेत काय घडतं याचं शास्त्र आलं. सॅलिंजरच्या 1951 सालच्या ‘द कॅचर इन द राय’मधला सोळा वर्षांचा होल्डन शाळेतून काढून टाकल्यावर घरी न जाता दोन-तीन दिवस न्यूयॉर्कमध्ये हॉटेलं, टॅक्सी, बार असा फिरतो. त्या फिरण्याला पैसे कुठून आले? आजी त्याला वाढदिवसाचे म्हणून वर्षातून अनेकदा पैसे पाठवते. त्याच्या एकाकीपणाविषयी जगभर इतकं लिहिलं गेलं, पण आजीच्या पैशांवाचून तो एकाकीपणा इतका लांबलाच नसता. होल्डनचं दुःख खरं आहे. धाकट्या भावाच्या मृत्यूनं तो आतून मोडलेला आहे. तरीही दुःखाला फिरायला जागा मिळणं ही वेगळी सोय आहे, आणि तिची नोंद घ्यायला हवी.

मराठीत ही जागा सर्वांत मोकळेपणानं मिळालेला मुलगा म्हणजे मिलिंद बोकिलांच्या ‘शाळा’तला मुकुंद जोशी. 2004 मध्ये आलेल्या या कादंबरीला एका शालेय वर्षाचा साचा आहे. नववीचं वर्ष सुरू होतं, निकालापाशी कथा संपते. काळ आणीबाणीचा, गाव रेल्वेच्या आसपासचं, धड शहर नाही आणि धड खेडं नाही. जोशी, सुऱ्या, चित्रे आणि फावड्या ही चौकडी एका अर्धवट बांधलेल्या इमारतीत जाऊन बसते. मला ही इमारत कादंबरीचं सर्वांत महत्त्वाचं ठिकाण वाटतं. वर्गात वेळ शिक्षकांचा असतो, घरी आईवडिलांचा. इथे तो कोणाचाच नाही. पोरं तिथे बसून काय करतात? मुलींविषयी बोलतात, शिक्षकांविषयी बोलतात, गप्पा मारतात, वेळ काढतात. बाहेरून बघणाऱ्याला हा निव्वळ रिकामटेकडेपणा वाटेल. पण मुकुंदला आवडणारी शिरोडकर कोणत्या रस्त्यानं येईल, कुठे उभं राहिलं तर ती दिसेल, दिसल्यावर काय बोलायचं, याचे हिशेब करता करता हा मुलगा दुसऱ्या माणसाच्या मनाचा विचार करायला शिकतो. तिला काय वाटत असेल, हा प्रश्न त्याला आयुष्यात प्रथमच इतका निकडीचा होतो. या शिकवणीला अभ्यासक्रमात जागा नाही, आणि रिकाम्या वेळेखेरीज ती होतही नाही.

मुकुंद हुशार आहे. मोठ्या माणसांच्या बोलण्यातली मेख त्याला चटकन कळते, प्रत्येकाविषयी त्याचा काही ना काही सिद्धांत असतो, आणि नरूमामासारखा तरुण मामा त्याला आपल्या बरोबरीच्या माणसासारखा वागवतो. वाचताना आपणही त्याच्या हुशारीवर खूश असतो. वर्षअखेरीस शिरोडकर गाव सोडून जाते, चौकडी फुटते, आणि हुशारीनं सुटणार नाहीत अशाही गोष्टी असतात हे त्याच्या वाट्याला येतं. बोकिलांनी इथे जो संयम दाखवला आहे त्याचं मला फार मोल वाटतं. गोष्ट सांगणारा मुकुंद नववीतलाच राहतो. वीस-पंचवीस वर्षांनी मागे वळून बघणारा कोणी प्रौढ मुकुंद मधेच येऊन, आम्ही तेव्हा किती निरागस होतो, असे उसासे टाकत नाही. त्यामुळे मुलाला जे कळलेलं नाही ते वाचकाला कळतं, आणि त्या दोन कळण्यांमधल्या अंतरात कादंबरी घडते. आणीबाणीचंही तसंच. देशात काय चाललं आहे ते मोठ्यांच्या दबक्या बोलण्यातून, अर्धवट कानावर पडलेल्या वाक्यांतून येतं. बोलायला बंदी असलेल्या देशात एक मुलगा एका मुलीशी बोलायचं धाडस गोळा करत असतो. लेखक हा संबंध बोट ठेवून दाखवत नाही आणि तेच बरं आहे.

याच्या अगदी दुसऱ्या टोकाला ‘श्यामची आई’ आहे. साने गुरुजींनी ती 1933 च्या फेब्रुवारीत नाशिकच्या तुरुंगात अवघ्या काही दिवसांत लिहिली आणि 1935 मध्ये ती पुस्तकरूपानं आली. रूढ अर्थानं ती कादंबरी नाही. आश्रमातला मोठा झालेला श्याम सोबत्यांना रात्रीमागून रात्र आपल्या आईच्या आठवणी सांगतो. तरीही तिला वगळून मराठी मनातल्या ‘मुलगा वाढतो’ या कल्पनेविषयी बोलताच येणार नाही. तिथली वाढ पहिल्या रात्रीपूर्वीच पूर्ण झालेली आहे. सांगणारा श्याम चांगला झालेला आहे, आणि लहान श्यामची प्रत्येक चूक या मोठ्या श्यामनं आधीच अश्रूंनी धुऊन घेतलेली आहे. लहान श्यामला चुकायला मुभा आहे, पण चुकीत रेंगाळायला नाही; आईचा शब्द लगेच येतो. हा दोष म्हणून मी सांगत नाही. कैदेत बसलेल्या, स्वतःला आईचा ऋणी मानणाऱ्या माणसाचं ते लेखन आहे आणि त्याची कळकळ आजही वाचणाऱ्याला हलवते. पण अनेक पिढ्यांनी हेच एक रूप आदर्श मानलं आणि मुलांच्या गोष्टीत मोठा माणूस सतत हजर असायलाच हवा अशी आपली समजूत झाली, हेही खरं आहे.

श्यामच्या घरात खोटं बोलणं हे पाप. ‘झोंबी’त शाळेचा रस्ता खोटेपणातूनच उघडतो. वडिलांनी आनंदाला शाळेतून काढून शेतीला जुंपलेलं. तो आईजवळ विषय काढतो, आणि मायलेक गुपचूप गावातल्या वजनदार दत्ताजीराव देसाईंकडे जातात. मुलानं शिकावं असं काहीतरी करा, पण आम्ही इथे येऊन गेलो हे त्यांना कळू देऊ नका, अशी आईची विनवणी. दत्ताजीराव वडिलांना बोलावून घेतात, खडसावतात, आणि मुलगा सहज आल्यासारखा तिथे पोचतो. सगळं नाटक ठरवून केलेलं. इथे मला दोन गोष्टी महत्त्वाच्या वाटतात. एक, नवऱ्याच्या धाकात दबलेली ही बाई त्या दिवशी मुलाच्या डोळ्यांसमोर कट करणारी, हिकमती स्त्री होते. मुलगा तिला प्रथमच असं बघतो आणि तिचा साथीदार होतो. दुसरी गोष्ट आईच्याच तोंडून कळते: बापाला दिवसभर गावात मोकळं हिंडता यावं म्हणून पोरगं रानात राबतं आहे. वेळेची चोरी म्हणजे काय हे याहून उघड कसं लिहायचं? बापाचा मोकळा वेळ हा मुलाच्या शाळेच्या वेळेतून काढलेला आहे.

मग जो तह होतो तोही वेळेचाच. दिवस उजाडताच रानात हजर व्हायचं, अकरापर्यंत पाणी पाजायचं, तिथून शाळा. शाळा सुटली की दप्तर घरी टाकून पुन्हा रानात, तासभर गुरं चारायची. कामाची घाई असेल त्या दिवशी शाळा बुडवायची. आनंदा सगळ्या अटी मान्य करतो. तो पाचवीच्या वर्गात पुन्हा जाऊन बसतो तेव्हा बरोबरीची मुलं पुढे गेलेली असतात, आजूबाजूला लहान पोरं असतात आणि ती त्याच्या कपड्यांवरून थट्टा करतात. हा मुलगा वयानं मोठा आहे, कामानं तर पुरता प्रौढ आहे, आणि इयत्तेनं मागे आहे. एकाच देहात तीन वयं. त्यातलं किशोरवय त्याला सलग मिळत नाही. कविता पाठ करताना, सरी भरेपर्यंतच्या त्या थोड्याशा फुरसतीत ते तुकड्यातुकड्यांनी मिळतं. मास्तरांनी आपल्याच दारातल्या मालतीच्या वेलावर कविता केली आहे हे त्याला कळतं. वेलही त्यानं बघितलेला असतो. कविता करणारी माणसं आपल्यासारखीच हाडामांसाची असतात हा शोध त्याला त्यातून लागतो. ‘झोंबी’ 1987 मध्ये आली, 1990 मध्ये तिला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. आत्मचरित्रात्मक कादंबरी म्हणून तिची ओळख आहे. तिच्यातली गरिबी आणि मारझोड याविषयी पुष्कळ लिहून झालं आहे. मला मात्र ती एका मुलानं स्वतःचा वेळ थोडा थोडा करून परत मिळवल्याची कादंबरी वाटते आणि म्हणून ती दुःखाची वाटत नाही.

पांडुरंग सांगवीकरला वेळ परत मिळवावा लागत नाही. तो त्याला वडिलांनी दिलेला आहे. ‘कोसला’ 1963 मध्ये प्रसिद्ध झाली तेव्हा भालचंद्र नेमाडे पंचवीस वर्षांचे होते, आणि त्यांचा नायकही त्याच वयाचा. खानदेशातल्या सांगवीहून पुण्याला शिकायला आलेला शेतकऱ्याचा मुलगा, होस्टेल, मेस, गॅदरिंग, वादविवाद, कर्ज, नापास होणं आणि परत गाव. किशोरवयाच्या दृष्टीनं तो उंबरठा ओलांडलेला आहे, हे मान्य. तरी त्याला या पुस्तकात घेतलं, कारण मराठीत वाढण्याच्या कल्पनेलाच पहिला मोठा धक्का त्यानं दिला. पुण्याला जाऊन शिकून मोठा होणं हा त्या काळचा राजमार्ग. पांडुरंग त्या मार्गानं जातो आणि रिकाम्या हातानं परत येतो.

मग तो वाढला का? या प्रश्नावर माझी अनेक वाचकांशी भांडणं झाली आहेत. तो वाया गेला, बापाचे पैसे उडवून घरी येऊन बसला, असं म्हणणारे थोडे नाहीत. माझं उत्तर त्याच्या भाषेत आहे. ‘वगैरे’ आणि ‘उदाहरणार्थ’ यांनी भरलेलं त्याचं बोलणं सगळ्या जगाला सारख्या अंतरावर ठेवतं. काहीही झालं तरी त्याला थट्टेचा आधार आहे. धाकट्या बहिणीच्या मृत्यूचा भाग येतो तिथे तो आधार सुटतो. दूर पुण्यात असताना ती गेली, घरातल्या कोणी काय केलं, कोणी काय केलं नाही, याचा संताप आणि शोक त्याला कोणत्याही शैलीत बसवता येत नाही. त्यानंतर थट्टा परत येते, पण वाचणाऱ्याला आता तिच्याखाली काय आहे ते माहीत असतं आणि पांडुरंगालाही. गावी परतल्यावर तो माणसांचं जे ऐकतो, बघतो, त्यात पुण्यातला उतावीळपणा राहिलेला नाही. त्याला पदवी मिळाली नाही, पण बघण्याचा धीर मिळाला. त्यासाठी बापाच्या शेतीतून आलेले पैसे खर्ची पडले, आणि कादंबरी ते लपवत नाही. पैशांचे हिशेब, बापलेकांमधली तेढ हे सगळं तिथे उघड आहे. ‘कोसला’ची तुलना सॅलिंजरशी वारंवार केली जाते; ती करणाऱ्यांनी होल्डनची आजी आणि पांडुरंगचे वडील यांना शेजारी बसवून बघावं. आजीला हिशेब द्यावा लागत नाही, बापाला द्यावा लागतो. दोन्ही कादंबऱ्यांतला फरक मला तिथे सापडतो.

लंपनवर या पुस्तकात स्वतंत्र लेख नाही. प्रकाश नारायण संतांच्या ‘वनवास’, ‘शारदा संगीत’, ‘पंखा’ आणि ‘झुंबर’ या चार पुस्तकांतल्या कथा एकत्र वाचल्या की एक सलग मुलगा उभा राहतो, पण त्या कथा आहेत आणि प्रत्येक कथेचा श्वास वेगळा आहे. आईवडिलांपासून दूर आजीआजोबांकडे वाढणाऱ्या, कानडी वळणाचं मराठी बोलणाऱ्या त्या मुलावर घाईनं चार पानं लिहिणं मला बरं वाटलं नाही.

आता मुलींकडे येते. या पुस्तकाचा सर्वांत जड भाग तो आहे.

हरि नारायण आपट्यांची ‘पण लक्षात कोण घेतो!’ ‘करमणूक’ साप्ताहिकातून क्रमशः येत होती तो काळ 1890 नंतरचा. 1891 मध्ये संमतिवयाचा कायदा झाला. संमतीचं वय दहावरून बारावर नेण्यासाठी केवढं वादळ उठलं होतं, विशेषतः पुण्यात, हे आपल्याला माहीत आहे. त्या वादळात ही कादंबरी लिहिली जात होती. तिची नायिका यमू स्वतःची हकिकत स्वतः लिहिते. माहेर, लग्न, सासर, नवऱ्याबरोबर मुंबई, वैधव्य, जबरदस्तीनं केलेलं केशवपन, मृत्यू. या यादीत किशोरवय कुठे आहे? बालपण संपतं आणि सासर सुरू होतं, मध्ये जागाच नाही. मुलगी कोण आहे, तिला काय आवडतं, ती कोणासारखी होऊ बघते, हे ठरायच्या आत तिचं सगळं ठरलेलं असतं. यमू वयानं वाढत नाही, ती घरं बदलत वाढते. प्रत्येक नव्या घरात तिला नव्यानं धाक समजून घ्यावा लागतो.

फक्त मुंबईच्या भागात कादंबरी श्वास घेते. नवरा रघुनाथराव तिला वाचायला प्रोत्साहन देतो, दोघं बोलतात, हसतात, बाहेर जातात. हे सुखी संसाराचं चित्र म्हणून वाचलं जातं, आणि ते आहेच. पण मला तिथे एक मुलगी तिचं राहून गेलेलं किशोरवय उशिरा, लग्नानंतर, नवऱ्याच्या मर्जीनं जगताना दिसते. तिला प्रथमच स्वतःची मतं होतात. पुस्तकातलं वाचून ती घरातल्या माणसांकडे वेगळ्या नजरेनं बघू लागते. ते सगळं एका माणसाच्या जगण्यावर अवलंबून आहे. तो गेला की वेळही गेला. पुढे सासरचे शंकरमामंजी आणि बाकीचे तिच्यावर जे लादतात ते वाचवत नाही. आणि तरीही यमू वाढली, असं मी म्हणते. पुरावा आपल्या हातातच असतो. जिला घरात बोलायची सोय नव्हती तिनं एवढी हकिकत लिहून ठेवली, कोणाला दोष द्यायचा आणि कोणाला समजून घ्यायचं याचा निवाडा करत. हे यमूचं लेखन तिशीही न ओलांडलेल्या एका पुरुषानं कल्पिलेलं आहे, याचं आश्चर्य मला प्रत्येक वाचनात वाटतं.

यमूनंतर काय? 1933 मध्ये ‘कळ्यांचे निःश्वास’ आलं, शिकलेल्या मुलींच्या मनातलं बोलणारं, आणि ते लिहिणाऱ्या बाईंना विभावरी शिरूरकर या टोपणनावामागे राहावं लागलं. पुढच्या काळात मुलींच्या वाढत्या वयाविषयीचं सर्वांत धीट लेखन मला कादंबऱ्यांत कमी आणि आत्मकथनांत जास्त सापडतं. शांताबाई कांबळे यांचं ‘माज्या जल्माची चित्तरकथा’, उर्मिला पवारांचं ‘आयदान’. रत्नागिरीकडच्या गावात आई बांबूची आयदानं विणत बसलेली आणि शेजारी मुलगी वाढते आहे. भूक, जात, शाळा, शरीराची जाण हे सगळं त्यात आहे. या पुस्तकांची थोरवी वादातीत आहे. पण आत्मकथनाला खऱ्याचं बंधन असतं, आणि आपण व आपली माणसं यांची बाजू जगापुढे मांडायची जबाबदारी असते. कादंबरीतल्या मुलीला मूर्ख असता येतं. ती उगाच खोटं बोलू शकते, मैत्रिणीचा द्वेष करू शकते, चुकीच्या मुलाच्या मागे वर्षभर फिरू शकते आणि त्यातून काहीही न शिकता पुढच्या वर्गात जाऊ शकते. मुकुंदला ही मुभा आहे, पांडुरंगला तर ती भरपूर आहे. शिरोडकरला नाही. तिचं नववीचं वर्ष आपल्याला मुकुंदच्या नजरेतून दिसतं, म्हणजे ती दिसेल तेवढंच. तिला त्या वर्षी काय वाटत होतं, तिच्या मैत्रिणी कुठे बसून गप्पा मारत होत्या, त्यांच्यासाठी गावात एखादी अर्धवट बांधलेली इमारत होती का? मला वाटतं नव्हती. मुलगी सातच्या आत घरात यायची, आणि घरात आली की तिच्या हाताला काम असायचं. मुलीच्या अशा एका वर्षाची ‘शाळा’इतकी निवांत, बिनधास्त, कोणताही प्रश्न सोडवायला न निघालेली मराठी कादंबरी मी शोधते आहे. लेखिकांमध्ये ताकद कमी पडली असं म्हणणं अन्यायाचं होईल. ज्या वेळेची कादंबरी लिहायची तो वेळच मुलींना दिला गेला नव्हता, हे कारण मला अधिक खरं वाटतं.

म्हणून आज जी मुलं-मुली हातात फोन घेऊन वाढत आहेत, त्यांच्याविषयी लिहिणाऱ्यांकडे मी आशेनं बघते. शिकवण्या, प्रवेशपरीक्षा, आठवीपासून आखलेलं वेळापत्रक. सुखवस्तू घरातल्या मुलांचाही रिकामा वेळ आता काढून घेतला गेला आहे, आणि मुलींना मात्र फोनच्या पडद्यावर का होईना, पहिल्यांदा थोडा खासगी वेळ मिळतो आहे. वेळेचं वाटप बदललं की वाढीची रीत बदलते. कादंबरीही बदलेल.

या पुस्तकातले लेख प्रकाशनवर्षाच्या क्रमानं लावलेले नाहीत. ‘झोंबी’ आधी आहे, ‘शाळा’ आणि ‘श्यामची आई’ जोडीनं आहेत, मग ‘कोसला’. यमूवरचा लेख सर्वांत लांब असून तो शेवटी आहे. तो आधी वाचला तरी चालेल, किंबहुना मुलींच्या पालकांनी तो आधीच वाचावा. प्रत्येक लेखात कादंबरीचा शेवट उघड केलेला आहे, त्याशिवाय वाढीविषयी बोलता येत नव्हतं. ज्यांनी मूळ कादंबरी वाचलेली नाही त्यांनी तो लेख तूर्त बाजूला ठेवावा आणि आधी कादंबरी मिळवावी. शिक्षकांना एक विनंती आहे: वर्गात यातलं काही वापरायचं झाल्यास मुलांना स्वभावचित्रण लिहायला सांगू नका. त्यांना कादंबरीतली दोन पानं द्या, एक सुरुवातीचं आणि एक शेवटाजवळचं, जिथे तोच मुलगा किंवा तीच मुलगी तेच काम करते आहे, आणि काय बदललं ते त्यांना आपसांत बोलू द्या. त्यासाठी एक सबंध तास मोकळा ठेवा.